हिमगाडीचे शिल्पकार : आर्मां बोंबार्दिये

आमच्या बिदर-कलबुर्गी भागात बर्फ पडत नाही. परंतु पावसाळ्यात काळ्या रानात गाडीचे चाक रुतले म्हणजे वाट बंद होणे काय असते, हे आम्ही जाणतो. म्हणूनच आर्मां बोंबार्दिये यांचे चरित्र आम्हांस जवळचे वाटते.

कॅनडातील क्वेबेक प्रांतात, वालकूर येथे, १६ एप्रिल १९०७ रोजी त्यांचा जन्म झाला. पंधराव्या वर्षीच त्यांनी मोटारीचे जुने इंजिन व पंखा जोडून बर्फावर धावणारी गाडी बनविली. पुढे त्यांनी गॅरेज काढले. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बुजले होते. रुग्णालय गाठता आले नाही आणि मूल दगावले.

शोक गिळून ते अधिक निर्धाराने प्रयोगास लागले. मऊ बर्फात नुसता वेग व्यर्थ. तेथे जोर व पकड हवी. सायकलस्वारांस हे सहज उमगेल. समजा, साखळीने जोडलेल्या दोन चाकांपैकी इंजिनाकडील चाकास २० दाते व दुसऱ्यास ४० असले, तर फेरे निम्मे होतात. पण फिरविण्याचा जोर जवळजवळ दुप्पट होतो. प्रमाण ठरवावे ते वाट पाहूनच! बोंबार्दिये यांनी रबर चढविलेले दातेरी चाक पट्ट्यास जोडले. पट्ट्याने भार पसरला, पकड लाभली. १९३७ साली त्यांस पेटंट मिळाले. १९५९ मध्ये त्यांची छोटी ‘स्की-डू’ गाडी आली. १८ फेब्रुवारी १९६४ रोजी ते निवर्तले.

स्वतःच्या बाळासाठी त्यांना वाट काढता आली नाही. पण पुढे त्यांच्याच गाड्यांतून डॉक्टर इतरांच्या दारी पोहोचू लागले.