ग्वाल्हेर ते तिरुवनंतपुरम : जोन रॉबिन्सन

अर्थशास्त्र घेतलेल्या आपल्या विद्यार्थिमित्रांच्या कानांवरून ‘अपूर्ण स्पर्धा’ हा शब्द गेल्याशिवाय राहत नाही. परंतु हा विषय १९३३ साली ग्रंथरूपाने मांडणाऱ्या विदुषीचे आपल्या देशाशी किती जिव्हाळ्याचे नाते होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

जोन यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी इंग्लंडमध्ये मॉरिस घराण्यात झाला. वडील सेनाधिकारी होते. सैन्यबळाविषयी सरकार संसदेची दिशाभूल करीत आहे, असे त्यांनी १९१८ साली वृत्तपत्रांतून जाहीर केले आणि त्यापायी लष्करातील कारकीर्द गमावली. पटेल ते बोलावे आणि त्याची किंमत मोजावी, हा बाणा लेकीनेही उचलला. १९२५ मध्ये त्यांचे केंब्रिजमधील शिक्षण संपले. मात्र त्या विद्यापीठात स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीची पदवी मिळू लागली ती १९४८ साली!

१९२६ मध्ये ऑस्टिन रॉबिन्सन यांच्याशी विवाह झाला आणि हे जोडपे ग्वाल्हेरला आले. बालवयीन महाराज जिवाजीराव शिंदे यांचे शिक्षक म्हणून ऑस्टिन यांची नेमणूक झाली होती. शिंद्यांच्या त्या राजधानीत सुमारे दोन वर्षे राहून बाई केंब्रिजला परतल्या.

पुढे त्यांनी दाखवून दिले की, बाजारात विकणारे थोडे असतील तर गिऱ्हाईक नाडले जाते, तसेच श्रम विकत घेणारा एकच असेल तर मजूर नाडला जातो. पंचक्रोशीत एकच गिरणी असली, की मजुरी कामाच्या मोलाने नव्हे, तर मालकाच्या सोयीने ठरते. केन्स यांच्या निकटच्या सहकाऱ्यांत त्यांची गणना होई. १९५६ साली भांडवलसंचयावरील त्यांचा मोठा ग्रंथ आला. तरीही प्राध्यापकपद मिळायला १९६५ साल उजाडले. नोबेल पारितोषिक तर मिळालेच नाही.

बाईंचे सारेच अंदाज खरे ठरले असे नाही. चीनमधील सांस्कृतिक क्रांतीची त्यांनी १९६९ च्या पुस्तकात भलावण केली; त्या उलथापालथीत लाखो माणसे भरडली गेली, हे पुढे उघड झाले. यजमान दाखवील तेवढेच पाहुण्याला दिसते, ही मर्यादा एवढ्या कुशाग्र बुद्धीलाही चुकली नाही.

म्हणूनच त्यांचा शेवटचा भारतवास अधिक मोलाचा वाटतो. के. एन. राज यांच्या पुढाकाराने १९७० साली तिरुवनंतपुरमला विकास अध्ययन केंद्र उभे राहिले. १९७० च्या दशकाच्या मध्यास बाई तेथे अभ्यागत विद्वान म्हणून आल्या आणि जानेवारी १९८२ पर्यंत वरचेवर येत राहिल्या. एक व्याख्यान द्यावे, हार घ्यावा आणि निघावे, अशी ही पाहुणी नव्हती. विद्यार्थ्यांच्या चर्चासत्रांत त्या हजर असत आणि हिरिरीने भाग घेत. आपल्या दोन पुस्तकांचे मानधनही त्यांनी केंद्राला देऊन टाकले.

५ ऑगस्ट १९८३ रोजी त्यांचे निधन झाले. ग्वाल्हेरला त्या शिक्षकाची पत्नी म्हणून आल्या होत्या. तिरुवनंतपुरमला जगन्मान्य पंडिता म्हणून आल्या आणि विद्यार्थ्यांच्या बाकावर बसल्या. परक्या मुलखाचे खरे ज्ञान मानाच्या दौऱ्यात मिळत नाही. ते तिथल्या माणसांत बसून, त्यांचे ऐकून आणि त्यांच्याशी वाद घालूनच मिळते. सीमाभागात दोन भाषांच्या शेजारात शिकणाऱ्या आपणांस हे निराळे सांगायला हवे काय?