‘ग्रे’च्या ग्रंथाचा चित्रकार आणि पायातले काळे दाणे

वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाला ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ हे नाव ठाऊक असते. १८५८ मध्ये निघालेल्या या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीतील ३६३ चित्रे डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी काढली, हे मात्र थोड्यांनाच माहीत असते. आपल्याकडच्या एका दुर्लक्षित आजाराला त्यांनीच नाव दिले, हे तर त्याहून कमी जणांना.

कार्टर यांचा जन्म १८३१ चा, इंग्लंडमधील हल या गावचा. वडील चित्रकार. लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात त्यांचे शिक्षण झाले. ग्रंथाची कीर्ती आणि मानधनाचा वाटा ग्रे यांच्याकडे गेला. कार्टर यांना एकरकमी मोबदला मिळाला. त्याच वर्षी ते मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शरीररचनाशास्त्र शिकवू लागले.

इथे त्यांना वेगळेच पाय दिसले. अनवाणी शेतात राबणाऱ्या माणसाचा पाय वर्षानुवर्षे सुजत जाई. दुखणे बेताचेच, पण पायाला जागोजागी तोंडे पडत आणि पुवाबरोबर काळे किंवा पिवळट दाणे बाहेर येत. मदुराईकडच्या डॉक्टरांनी हा आजार आधी नोंदवला होता. म्हणून तो ‘मदुरा फूट’. त्या काळी पाय कापण्यापलीकडे फारसा इलाज नव्हता. कार्टर यांनी ते दाणे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि हा बुरशीचा आजार असल्याचे सांगितले. ‘मायसेटोमा’ हे नाव त्यांचेच. पुढे १८६३ पासून सुमारे नऊ वर्षे ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. १८७४ मध्ये या आजारावरचा त्यांचा सचित्र ग्रंथ निघाला.

त्यांचे सगळेच बरोबर ठरले नाही. त्यांनी वाढवलेल्या गुलाबी बुरशीला त्यांचे नाव मिळाले, पण तिचा या आजाराशी संबंध नसल्याचे पुढे कळले. १८९४ मध्ये व्हिन्सेंट यांनी एका प्रकाराच्या मुळाशी जिवाणू असल्याचे दाखवले. दाण्यांच्या रंगावरून प्रकार वेगळे करण्याची कार्टर यांची पद्धत मात्र आजही निदानाची पहिली पायरी आहे.

कुष्ठरोगाच्या अभ्यासासाठी ते १८७३ मध्ये नॉर्वेला गेले. १८७७ च्या दुष्काळात मुंबईत पसरलेल्या, उलटून येणाऱ्या तापाचे जंतू त्यांनी रुग्णांच्या रक्तात दाखवले. तो ताप त्यांनाही झाला. १८८८ मध्ये ते निवृत्त झाले आणि १८९७ मध्ये स्कारबरो येथे क्षयाने वारले.

जागतिक आरोग्य संघटनेने मायसेटोमाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले ते २०१६ मध्ये. आजही तो हाडाचा क्षय किंवा गाठ समजला जाऊ शकतो. जिवाणूंचा प्रकार प्रतिजैविकांनी बरा होतो. बुरशीच्या प्रकाराला बुरशीविरोधी औषधे दीर्घकाळ द्यावी लागतात, कधी शस्त्रक्रियाही करावी लागते. निदान लवकर झाले तर पाय वाचतो. म्हणून विद्यार्थ्यांनी सुजलेल्या, वाहत्या पायाची पट्टी सोडून दाणे शोधावेत. दाण्यांची आणि खोल तुकड्याची तपासणी करून घ्यावी. बजाजनगरात कारखान्यात काम करणारा माणूसही गावी गेल्यावर शेतात उतरतो. पूर्वी पायात काटा मोडला होता का, हे त्यालाही विचारावे. आणि न विचारता त्यानेही ते डॉक्टरांना सांगावे.