बाळ येशूची संत तेरेजा आणि स्वर्गाची आशा

स्वर्ग हा शब्द आपल्या पॅरिशमध्यें बहुधा प्रेतविधीच्या दिवशींच ऐकूं येतो. कबरेवर मूठभर माती टाकली कीं, तो पुढच्या मरणापर्यंत बाजूस राहतो. महोत्सवाच्या ह्या पुस्तकांत होऊन गेलेल्या पिढ्यांचें स्मरण चाललें असतां, आम्हांस म्हणूनच एका अशा पवित्र स्त्रीचें चरित्र थोडक्यांत द्यावेंसें वाटलें, जिनें स्वर्गाचा विचार मरणासाठीं राखून न ठेवतां भोजनगृहांत, कपड्यांच्या खोलींत व धुण्याच्या जागीं उपयोगांत आणला. गुलाबपुष्पें घेतलेली तिची मूर्ति पुष्कळ देवळांत असते. मूर्ति गोड आहे; आमच्या मतें जरा अधिकच गोड आहे, व तिच्याआड खरी तेरेजा दिसेनाशी होते.

तिचा जन्म फ्रान्स देशांत आलांसों ह्या गांवीं ता. २ जानेवारी १८७३ रोजीं झाला. वडील लुई मार्तां हे घड्याळजी. आई झेली ह्या लेस विणण्याचा धंदा चालवीत. नऊ अपत्यांपैकीं चार लहानपणींच देवाघरीं गेलीं. उरल्या पांच मुली, व त्या पांचही पुढें व्रतस्थ झाल्या. रविवारीं लुई आपलें दुकान बंद ठेवीत. त्यांत होणारें नुकसान त्यांनीं मुकाट्यानें सोसलें. अशा घरांत स्वर्ग हा शेजारच्या गांवासारखा रोजच्या बोलण्यांतला विषय होता. तेरेजा अगदीं लहान असतां एकदां आईला मिठी मारून, आई लवकर मरावी अशी इच्छा बोलून गेली. रागें भरतांच, मेल्यावांचून स्वर्गांत जातां येत नाहीं, असें तिचें उत्तर! ही गोष्ट आईनेंच पत्रांत लिहून ठेविली आहे. १८७७ च्या ऑगस्टांत आई कर्करोगानें खरोखरच गेली. तेव्हां तेरेजा साडेचार वर्षांची होती. (ह्या दोघां मातापित्यांना ता. १८ ऑक्टोबर २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं संतपद दिलें.)

आईमागें कुटुंब लिझ्यू शहरीं राहावयास गेलें. बहीण पोलिन हिनें १८८२ सालीं तेथील कार्मेल मठांत प्रवेश केला, आणि तेरेजानेंही तोच ध्यास घेतला. वय लहान म्हणून नकार मिळाला, तेव्हां १८८७ च्या नोव्हेंबरांत रोमला जाऊन तिनें पोप तेरावे लिओ ह्यांच्यापुढें गुडघे टेकून विनंति केली. शेवटीं ता. ९ एप्रिल १८८८ रोजीं, पंधरा वर्षांची असतां, मठाचें दार तिच्यासाठीं उघडलें. पुढच्याच वर्षीं वडिलांना मनोविकार जडून त्यांना कां शहरांतील वेड्यांच्या इस्पितळांत ठेवावें लागलें. हें दुःख तिला फार लागलें.

मठांतील साडेनऊ वर्षांत बाहेरच्या जगानें दखल घ्यावी असें कांहींच घडलें नाहीं. जें घडलें तें असें. एक वृद्ध, पायांनीं अधू झालेली सिस्टर होती. तिला रोज सायंकाळीं भोजनगृहांत नेण्याचें काम तेरेजानें मागून घेतलें. फार भराभर चाललें तरी तक्रार, फार हळू चाललें तरी तक्रार. तेरेजा तिला जपून बसवी, तिच्या बाह्या सारखी करी. तिला भाकर कापतां येत नाहीं हें ध्यानीं आल्यावर तीही कापून देई व जातांना हंसे. धुण्याच्या वेळीं समोरची सिस्टर घाण पाण्याचे शिंतोडे तोंडावर उडवी. तोंड पुसावयास वर गेलेला हात तिनें आवरला. एका सिस्टरचा स्वभाव तिला मुळींच आवडत नसे. तिच्याशीं ती इतक्या आदरानें वागली कीं, आपणच तिच्या विशेष प्रीतींतल्या आहों, असा त्या सिस्टरचा समज झाला. स्वर्गाकडे डोळे लागलेल्या माणसाचें पृथ्वीवरील कामाकडे लक्ष नसतें, असा आक्षेप आम्हीं वारंवार ऐकतों. आक्षेप घेणाऱ्यांनीं ती भाकर ध्यानांत घ्यावी. जिच्यासह अनंतकाळ राहावयाचें, तिच्याशीं आजच नीट राहावयास शिकलें पाहिजे, असा हा साधा हिशेब आहे.

परंतु हिशेब साधा असला तरी तो तिला स्वस्तांत पडला नाहीं. १८९६ सालीं पवित्र गुरुवारच्या रात्रीं तिच्या तोंडांतून रक्त आलें. दिवा मालविलेला होता. तो पुन्हा न लावतां ती सकाळपर्यंत थांबली, व रक्त पाहून, स्वर्ग जवळ आला म्हणून तिला आनंदच झाला. पण त्याच ईस्टरच्या दिवसांत तिच्या मनांतील स्वर्गाचा सर्व प्रकाश गेला. बाळपणापासून ज्याचा संशय कधीं शिवला नाहीं, तो स्वर्ग आहे तरी कीं नाहीं, मरणापलीकडे नुसता काळोखच तर नसेल, असे विचार तिला छळूं लागले. हें दुःख मरणापर्यंत, म्हणजे सुमारें दीड वर्ष, टिकलें. तिचीं स्वर्गाविषयींचीं कवनें वाचून भगिनींना वाटे कीं, हिला कसलें दुःख! प्रत्यक्षांत, जें मानावयाचें असें ठरविलें आहे तेंच ती गात होती, वाटत असलेलें नव्हे. आशा हा देवदत्त सद्गुण आहे, मनाची लहर नव्हे, हें सेमिनरीच्या बाकावर बसून पाठ करणें आम्हांला सोपें गेलें. तेरेजानें तें क्षयाच्या खोकल्यांत केलें. विश्वासांगीकाराची प्रार्थना तिनें स्वतःच्या रक्तानें लिहून काढली व ती सतत छातीशीं बाळगली. आणि त्याच वर्षीं कपड्यांच्या खोलींतील एका तापट सिस्टरची मदतनीस होण्यास, इतर कोणी तयार नसतां, ती आपण होऊन पुढें झाली.

१८९७ च्या जूनमध्यें मठाधिकारिणीच्या आज्ञेवरून ती बागेंत चाकांच्या खुर्चींत बसून आपल्या आठवणी लिहीत असे. जातां येतां भगिनी थांबत, चार शब्द बोलत; ती लेखणी ठेवी. शक्ति संपली तेव्हां शेवटचीं पानें तिनें पेन्सिलीनें लिहिलीं. थकून गेली असतांही शुश्रूषा करणाऱ्या सिस्टरच्या सांगण्यावरून ती बागेंत पावलें टाकी, व तें प्रत्येक पाऊल दूरदेशीं चालून दमलेल्या एखाद्या मिशनरीसाठीं देवाला अर्पण करी. ता. ३० सप्टेंबर १८९७ रोजीं सायंकाळीं ती देवाघरीं गेली. वय चोवीस वर्षें.

पुढच्या वर्षीं तिच्या वह्यांचें पुस्तक निघालें. प्रती दोन हजार. १९२५ सालीं तिला संतपद मिळालें व १९९७ सालीं ख्रिस्तसभेच्या आचार्यांत तिची गणना झाली. स्वर्गांत विश्रांति नको, तेथूनही पृथ्वीवरील माणसांच्या उपयोगी पडावें, असें तिचें मागणें होतें. पंधराव्या वर्षीं मठांत शिरलेली ही स्त्री पुन्हा कधीं बाहेर पडली नाहीं; तरी १९२७ सालीं पोप अकरावे पायस ह्यांनीं, ज्यांचें शरीर गोव्यास आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या जोडीला, तिला सर्व मिशनकार्याची आश्रयदात्री नेमिलें.