दरीत राहिलेला चित्रकार

गडचांदूर सोडून जिवतीचा घाट चढू लागले की दोन वळणांत हवा बदलते. माणिकगडाच्या रांगा उजव्या-डाव्या हाताला उलगडत जातात, सागाच्या पानांतून खालची दरी मधूनच डोकावते आणि वर आल्यावर पहाडाचा तो मोकळा, लाटांसारखा वर-खाली होणारा माळ पसरतो. एखाद्या पावसाळी संध्याकाळी इथल्या कड्यावर उभा राहिलेला माणूस थोडा वेळ गप्प होतो. समोरचे एवढे सारे डोळ्यांत मावत नाही आणि मनात कुठेतरी वाटते, हे कुणीतरी काढून ठेवायला हवे होते.

दऱ्याखोऱ्यांत राहून चित्रे काढणारी माणसे जगात पुष्कळ झाली. अमेरिकेत थॉमस मोरान नावाचा चित्रकार १८७१ साली सरकारी पाहणी पथकाबरोबर यलोस्टोनच्या खोल दरीत उतरला. त्याच्या चित्रांनी तिथल्या लोकप्रतिनिधींचे मन वळायला मदत झाली आणि पुढच्याच वर्षी, १८७२ मध्ये, तो मुलूख राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला गेला. त्यानंतर मोरानने कोलोरॅडो नदीच्या ओसाड, तांबड्या दऱ्या रंगवल्या आणि त्याचे भव्य चित्र देशाच्या संसदेने विकत घेतले. भाग्यवान माणूस! दरीने त्याला चित्र दिले आणि चित्राने दरी राखली.

आपल्याकडेही एक चित्रकार असाच दरीत येऊन राहिला. त्याच्या वाट्याला मात्र वेगळे दान पडले. जिवतीचा पहाड आणि ती दरी दोन्ही तेव्हा एकाच निजामाच्या राज्यात होती. दरी अजिंठ्याची. चित्रकाराचे नाव रॉबर्ट गिल.

गिलचा जन्म १८०४ सालचा, इंग्लंडमधला. ऐन तारुण्यात तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत दाखल झाला. फौजेतल्या नोकरीत कवायत आणि छावणी यांच्यापलीकडे फारसे काही नसे, पण गिलच्या हातात कुंचला होता आणि तो चांगला चालत होता. वरिष्ठांना हे माहीत होते. वयाच्या चाळिशीपर्यंत त्याचे आयुष्य इतर शेकडो अधिकाऱ्यांसारखेच गेले. लग्न झाले, मुले झाली, बढत्या मिळाल्या. मग एक हुकूम आला आणि या आयुष्याची वाटच वळली.

त्या हुकमामागे थोडा इतिहास आहे. अजिंठ्याची लेणी जगाच्या नजरेस पुन्हा पडली ती १८१९ मध्ये. शिकारीला निघालेल्या मद्रास फौजेच्या तुकडीतल्या जॉन स्मिथ नावाच्या अधिकाऱ्याने दहाव्या लेण्याच्या खांबावर आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. आसपासच्या वस्त्यांतल्या लोकांना आणि गुराख्यांना ही जागा ठाऊक नव्हती असे नाही, पण तिथे काय आहे याचा अर्थ लावणारे कोणी उरले नव्हते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास इथला पहिला खडक फुटला. पुढे पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात इथे पुन्हा छिन्नी-हातोड्याचा आवाज घुमला. त्याचा प्रधान वराहदेव याने सोळावे लेणे दान दिले. हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशीम. तेव्हा अजिंठा मराठवाड्यात असला तरी त्याच्या भिंती रंगल्या त्या वऱ्हाडातल्या राज्याच्या आधाराने, हे विदर्भाच्या वाचकाने विसरू नये.

नव्या पाहुण्यांनी मात्र या भिंतींचा कैवार घेतला नाही. काही हौशी मंडळींनी तर चित्रांचे तुकडेच खरवडून नेले. पाणी झिरपत होते, वटवाघळांचा सुळसुळाट होता, गिलावा सुटून पडत होता. जेम्स फर्ग्युसन हा निळीचा व्यापारी पुढे भारतीय वास्तुकलेचा अभ्यासक झाला. त्याने १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे आपला निबंध वाचला आणि ही चित्रे नष्ट होण्याआधी त्यांच्या प्रती करून घ्याव्यात अशी निकड मांडली. सोसायटीने कंपनीला विनंती केली, कंपनीने १८४४ मध्ये गिलची निवड केली आणि तो दरीत आला.

अजिंठ्याची दरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. वाघूर नदी काळ्या पाषाणातून वाट काढताना घोड्याच्या नालासारखी वळते आणि त्या वळणावर सुमारे अडीचशे फूट उंचीचा कडा उभा आहे. लेणी आहेत ती या कड्याच्या पोटात. वरच्या अंगाला सात टप्प्यांनी उडी घेणारा सातकुंडाचा धबधबा. वैशाखात हाच कडा तव्यासारखा तापतो, गवत वाळून पिवळे पडते आणि नदीच्या पात्रात दगडगोट्यांखेरीज काही उरत नाही. चार पाऊस पडले की तेच खोरे ओळखू येत नाही. अंगाअंगातून पाणी सुटते, ढग कड्याला टेकतात आणि धबधब्याच्या आवाजात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही.

गिलने अजिंठा गावातल्या जुन्या बारादरीत बिऱ्हाड थाटले. गावातून लेण्यांपर्यंत दहा-बारा किलोमीटरची घाटाची वाट. रानात वाघ होते आणि गिल स्वतः पट्टीचा शिकारी होता. त्याने मारलेल्या वाघांचे आकडे गावकथांमध्ये वाढतच गेले. कड्यावर आग्या मोहोळे लटकलेली, पावसाळ्यात हिवताप, उन्हाळ्यात घामाने कॅनव्हास धरवत नाही अशी अवस्था. साहित्य मागवावे तर ते दूरवरून, बैलगाडीने यायचे.

आणि काम तरी कसले! बाहेर लख्ख ऊन आणि आत अंधार. पद्मपाणीचा झुकलेला चेहरा, जातककथांमधले राजवाडे, हत्ती, माकडे, दासी, व्यापारी या साऱ्यांची गर्दी भिंतीभर एकमेकांत मिसळलेली. कुठे चेहरा आहे तर हात नाही, कुठे हात आहे तर त्यातले फूल गळून पडले आहे. मूळ चित्रे कोरड्या गिलाव्यावर मातीच्या रंगांनी काढलेली, गिलच्या हातात मात्र तैलरंग आणि कॅनव्हास. गेलेला भाग आपल्या कल्पनेने भरून काढावा की जेवढे दिसते तेवढेच काढावे, हा प्रश्न नक्कल करणाऱ्याला दर वितीला पडतो. स्वतःचे चित्र काढताना चित्रकाराला मोकळीक असते. दुसऱ्याचे उतरवताना त्याला स्वतःला बाजूला ठेवावे लागते, आणि हे दुसरे तर नावही न ठेवता गेलेले. गिलने हे काम थोडेथोडके नव्हे, १८६३ पर्यंत म्हणजे जवळजवळ अठरा वर्षे केले. या काळात सुमारे तीस मोठी चित्रे लंडनला रवाना झाली.

या अठरा वर्षांत बरेच काही घडून गेले. पत्नी आणि मुले इंग्लंडला निघून गेली. गिल राहिला. आणि इथेच त्याच्या आयुष्यात पारो आली. अजिंठ्याच्या परिसरात पारोच्या गोष्टी घरोघर सांगतात. ती त्याच्यासाठी रंग खलायची, त्याला लेण्यांतल्या आकृत्या समजावून द्यायची, अशा किती तरी. कवी ना. धों. महानोर अजिंठ्याच्या कुशीतल्या पळसखेड्याचे. त्यांनी या दोघांवर दीर्घकाव्य लिहिले आणि त्यावरून पुढे २०१२ मध्ये मराठी चित्रपटही आला. लोककथा आपल्या जागी गोड आहे. पण तिच्याखाली एक साधा, टणक पुरावा आहे तो दगडाचा. अजिंठा गावात पारोची कबर आहे. ती पटकीने २३ मे १८५६ रोजी गेली आणि ती आपल्याला प्रिय होती, एवढेच गिलने त्यावर कोरून ठेवले. तो काळ ध्यानात घेतला तर हे एवढेच फार मोठे आहे. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या सोबतीने राहिलेल्या किती तरी बायका तेव्हा कुठल्याही कागदावर न येता नाहीशा झाल्या. गिलने आपल्या सोबतिणीचे नाव दगडावर आणले आणि नाते लपवले नाही.

१८५६ च्या सुमारासच गिलने कॅमेरा हाती घेतला. तेव्हाचे छायाचित्रण म्हणजे काचेच्या तावदानांचे, रसायनांचे आणि काळोख्या तंबूचे जड प्रकरण. पण त्याने ते आत्मसात केले. दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने घेतलेली त्याची जोडचित्रे विशिष्ट चष्म्यातून पाहिली की कडा आणि खांब खोलीसकट पुढे उभे राहत. १८६४ मध्ये फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याची दोन पुस्तके लंडनला निघाली. एकात लेण्यांची ७४ छायाचित्रे, दुसऱ्यात पश्चिम भारतातील वास्तू आणि निसर्ग यांची १०० जोडचित्रे. भिंतीवरच्या आकृत्या उतरवता उतरवता हा माणूस त्या भिंतींना पोटात घेणाऱ्या मुलखाचाही चित्रकार झाला होता.

आणि मग तो घाव बसला. गिलची तैलचित्रे लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेस या काचेच्या प्रचंड प्रदर्शनगृहात लावली होती. ३० डिसेंबर १८६६ रोजी तिथे आग लागली. अठरा वर्षांचे उन्ह, ताप, एकटेपण, सगळे काही तासांत राख झाले. प्रदर्शनात न लावलेली चार-पाच चित्रे तेवढी वाचली. गिल तेव्हा बासष्ट वर्षांचा होता.

या वयात अशी बातमी आल्यावर माणूस हात टेकतो. गिलने तसे केले नाही. तो मायदेशी परतला नाही. कॅमेरा घेऊन तो याच मुलखात हिंडत राहिला. बुलढाण्याकडची जुनी देवळे, लोणारचे दैत्यसूदनाचे मंदिर यांची त्याने घेतलेली छायाचित्रे आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतात, कारण दुरुस्तीपूर्वीची वास्तू कशी होती ते त्यांतच दिसते. एप्रिल १८७९ मध्ये आजारी अवस्थेत भुसावळकडे जात असताना त्याचे निधन झाले. भुसावळच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत त्याची कबर आहे. पारोची अजिंठ्यात, त्याची भुसावळात. मध्ये ऐंशी-नव्वद किलोमीटरचा रस्ता.

गिलनंतर मुंबईच्या कलाशाळेतले जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह आले. १८७२ ते १८८५ अशी वर्षे त्यांनी त्याच भिंतींपुढे घालवली. दैवाचा खेळ असा की त्यांच्याही अनेक प्रती लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या आगीत गेल्या. १९०९ पासून लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असित हालदार ही बंगाली मंडळी आली आणि अजिंठ्याची रेषा आपल्या आधुनिक चित्रकलेत उतरली. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून जाणकार आणून गिलावा सावरून घेतला. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून आधीच्या लोकांनी फासलेले व्हार्निश तोवर पिवळे पडून चित्रांवरच बसले होते. प्रेमानेही इजा होते, ती अशी. १९८३ मध्ये अजिंठा जागतिक वारशाच्या यादीत आला.

म्हणजे हिशेब काय झाला? जे जपण्यासाठी प्रती केल्या त्या प्रती जळाल्या, आणि ज्या भिंती पडतील अशी भीती होती त्या, जखमी का होईना, उभ्या आहेत. मग गिलची अठरा वर्षे वाया गेली का? तसे म्हणता येणार नाही. त्या तीस चित्रांमुळेच युरोपात प्रथम कळले की या कड्याच्या पोटात काय आहे. ती पाहिलेल्या डोळ्यांनीच पुढच्या पथकांना पैसा आणि परवानगी दिली. वाचलेल्यांपैकी चार चित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. मूळ भिंतीवरचे काही तपशील दीडशे वर्षांत पुसट झाले, ते या चार चित्रांत अजून शाबूत दिसतात.

पुढच्या सुटीत मुलांना घेऊन अजिंठ्याला गेलात, तर लेणी पाहून झाल्यावर समोरच्या टेकडीवरच्या व्ह्यू पॉइंटवर जरूर चढा. तिथून नालाच्या आकाराचा अख्खा कडा एका नजरेत येतो. मुलांना पद्मपाणी दाखवाल, तसे या माणसाचेही नाव सांगा, आणि परतताना गावातल्या त्या लहानशा कबरीपाशी दोन मिनिटे थांबा.

आणि अजिंठ्यापर्यंत जाणे जमले नाही, तर आपला पहाड आहेच. माणिकगडाच्या बाजूला मावळतीचे ऊन पडते तेव्हा एखाद्या पोराच्या हातात कागद-पेन्सिल द्या. चित्र टिकेल न टिकेल. पण जे आपण एकदा मन लावून काढले, ते सहजासहजी मोडू द्यावेसे वाटत नाही.