विजेला झोका देणारा

युरोप खंडातील क्रोएशिया देशात स्मिल्यान नावाचे एक लहानसे खेडे आहे. त्या काळी हा सारा प्रदेश ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात मोडत असे. या खेड्यातील एका सर्बियन धर्मोपदेशकाच्या घरी १० जुलै १८५६ रोजी निकोला टेस्ला याचा जन्म झाला. त्याच्या आईने शाळेचे तोंड कधी पाहिले नव्हते. तथापि आपल्याकडील एखाद्या आजीला जात्यावरच्या ओव्या पाठ असाव्यात, तशी तिला मोठमोठी वीरकाव्ये मुखोद्गत होती. घरकामाला लागणारी लहानमोठी साधने ती स्वतःच्या कल्पनेने तयार करी. आपल्या अंगची कल्पकता आईकडून आली, असे टेस्ला पुढे आवर्जून सांगत असे.

घरात एक मांजर होते. कोरड्या थंडीतील एका संध्याकाळी त्याच्या पाठीवरून हात फिरवताना बारीक ठिणग्या चमकल्या आणि चटचट आवाज झाला. वादळात झाडांवर जी वीज दिसते तीच ही, असे वडिलांनी सांगितले. मांजराच्या केसांतील वीज आणि आकाशातील वीज एकच! हे आश्चर्य त्या मुलाच्या मनातून कधीच गेले नाही.

मुलाने आपल्यामागे धर्मोपदेशक व्हावे, ही वडिलांची इच्छा होती. परंतु १८७३ साली निकोला पटकीने अंथरुणाला खिळला. तो वाचेल अशी आशा कोणाला उरली नव्हती. मला यंत्रविद्या शिकू द्याल तर मी बरा होईन, असे त्याने क्षीण आवाजात सांगितले आणि वडिलांनी तत्काळ तसे वचन दिले. निकोला खरोखरच बरा झाला, आणि ग्राट्स येथील तंत्रविद्यालयात दाखल झाला.

तेथे त्याने एक विद्युत्-यंत्र पाहिले. त्या यंत्रात वीज एकाच दिशेने वाहावी म्हणून धातूच्या पट्ट्या आणि त्यांवर घासणारे ब्रश बसवलेले असत आणि त्यांतून सारख्या ठिणग्या उडत. वीज मुळात पुढेमागे हेलकावे खात निर्माण होते. मग तिला बळेच एकाच दिशेला वळवण्याचा हा खटाटोप कशासाठी, असे टेस्लाला वाटले. तो विचार प्राध्यापकांनी अशक्य म्हणून सर्व वर्गासमोर खोडून काढला. टेस्लाने मात्र तो सोडला नाही. १८८२ साली बुडापेस्टच्या उद्यानात मित्रासह फिरत असता त्याला एकाएकी मार्ग सुचला आणि हातातील काठीने त्याने वाळूत त्याची आकृती काढली. हेलकावणारे प्रवाह वेटोळ्यांतून एकापाठोपाठ एक सोडले, तर लोहचुंबकाचा प्रभाव आपोआप गोल फिरू लागतो आणि त्यामागे यंत्राचा दांडाही फिरतो. ब्रशही नकोत आणि ठिणग्याही नकोत. आज विहिरीवर आणि बोअरवर जी थ्री फेजची मोटार चालते, ती याच तत्त्वावर चालते.

१८८४ साली टेस्ला अमेरिकेत गेला. न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला तेव्हा त्याच्या खिशात अवघे चार सेंट होते. थोर संशोधक एडिसन याच्याकडे त्याने काही महिने काम केले. पण एडिसनचा विश्वास एकदिश प्रवाहावर होता. दोघांचे फार काळ जमले नाही. पुढे भागीदारांनीही टेस्लाला दूर सारले. ज्याच्या डोक्यात साऱ्या जगाला पुरेल एवढी कल्पना होती, त्याला पोटासाठी रस्त्याच्या कडेचे चर खणावे लागले. दिवस पालटले ते १८८८ साली. वेस्टिंगहाउस या उद्योगपतीने त्याच्या शोधांचे हक्क विकत घेतले. १८९३ साली शिकागोचे जागतिक प्रदर्शन हेलकावणाऱ्या विजेने उजळले आणि १८९६ साली नायगाराच्या धबधब्याची वीज बफेलो शहरात पोहोचली. आपल्याकडे १९१५ साली टाटांच्या योजनेतून लोणावळ्याचे पाणी घाटाखाली खोपोलीस उतरले आणि मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या, तीही अशीच हेलकावणारी वीज होती.

एवढ्यावर समाधान मानील तो टेस्ला कसला! आपल्या घरातील वीज एका सेकंदात पन्नास हेलकावे खाते. ती लाखो हेलकावे खाऊ लागली तर काय होईल, हा प्रश्न त्याला पडला आणि १८९१ साली त्याने जे यंत्र सिद्ध केले, ते आज टेस्ला कॉइल म्हणून ओळखले जाते. त्याचे मर्म पंचमीच्या झोक्यात आहे. झोका उंच नेण्यासाठी मल्लाची शक्ती लागत नाही. तो परत आला की नेमक्या क्षणी हलकासा रेटा द्यावा लागतो. वेळ चुकली तर चढलेला झोकाही उतरतो. या यंत्रात जाड तारेचे थोड्या वेढ्यांचे एक वेटोळे असते आणि त्याच्या मध्यभागी बारीक तारेच्या शेकडो वेढ्यांचे दुसरे उंच वेटोळे उभे असते. पहिल्याने रेटा द्यायचा आणि दुसऱ्याने झोके घ्यायचे. रेटे वेळेवर पडत गेले की दुसऱ्या वेटोळ्यातील विजेचा दाब इतका चढतो की, त्याच्या टोकावरून जांभळ्या ज्वाळा हवेत झेपावतात.

परंतु एका सेकंदात लाखो रेटे द्यायचे कोणी? माणसाचा हात तेथे चालत नाही. टेस्लाने एक फट ठेवली. धारित्र नावाच्या साधनात वीज साठत जाई आणि ती पुरेशी साठली की फटीवरून ठिणगी पडून पहिल्या वेटोळ्यात हेलकावे सुरू होत. अडचण अशी की, ठिणगी पेटते चटकन, पण विझत नाही चटकन. तापलेल्या हवेतून वीज वाहतच राहते आणि दुसऱ्या वेटोळ्यात गेलेली शक्ती उलट मागे येते. ती ठिणगी वेळेवर विझावी म्हणून टेस्लाने हवेचे झोत सोडले, लोहचुंबक लावले, दातेरी चक्रे फिरवली. त्याच्या कीर्तीच्या कथा बहुधा विजेच्या लखलखाटाच्या असतात. मला मात्र ठिणगी विझवण्याची त्याची ही धडपड अधिक मोलाची वाटते.

१८९९ साली कोलोरॅडो येथील पठारावर त्याने असे एक प्रचंड यंत्र उभारले. त्यातून मेघगर्जनेसारखा आवाज होई. एकदा तर गावाच्या वीजगृहातील जनित्रच जळून गेले! चहूकडे ज्वाळा उसळत आहेत आणि टेस्ला खाली शांतपणे वाचत बसला आहे, असे तेथील एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. ते पाहून कोणी तसे धाडस करू नये. एकाच काचेवर दोन वेळा चित्र घेऊन ते तयार केले होते. ज्वाळा उसळत असताना टेस्ला त्या खुर्चीत नव्हता.

तारांवाचून साऱ्या जगाला संदेश आणि वीज पोहोचवावी, या हेतूने १९०१ साली न्यूयॉर्कजवळ त्याने एका उंच मनोऱ्याचे काम सुरू केले. धनाढ्य मॉर्गन याने दीड लाख डॉलर दिले. पुढे मात्र हात आखडता घेतला. त्याच वर्षाअखेर मार्कोनीने पुष्कळ साध्या साधनांनी अटलांटिक महासागरापार संदेश पाठवला होता. मनोरा अपुरा राहिला आणि १९१७ साली तो पाडण्यात आला. पैसा मिळाला असता तरी अशा रीतीने जगभर वीज पोहोचली नसती, असेच आजच्या शास्त्राचे मत आहे. या आघातातून टेस्ला सावरला नाही. कबुतरांना दाणे टाकीत आणि उपाहारगृहांची बिले थकवीत त्याने वृद्धापकाळ काढला. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कमधील एका हॉटेलच्या खोलीत तो एकटाच मरण पावला. १९६० साली चुंबकक्षेत्राच्या मापाच्या एककाला त्याचे नाव देण्यात आले.

त्याच्या मृत्यूनंतर चारच वर्षांनी, १९४७ साली, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मास आला. आज हौशी मंडळी टेस्ला कॉइल बनवतात तेव्हा ठिणगीच्या फटीऐवजी पुष्कळदा हाच ट्रान्झिस्टर योजतात. वेळापूरच्या शिवारात उसाला दारे धरणारा माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला ट्रान्झिस्टरचे काम सहज कळेल. दार फोडले की पाणी सरीत जाते आणि मातीने बुजवले की थांबते. उघडे दार सुरळीत वाहते आणि मिटलेल्यातून काहीच जात नाही. अर्धवट उघड्या दारातून मात्र पाणी जोराने घुसून कडा खचवते. ट्रान्झिस्टरचे दारही असेच आहे. ते पूर्ण उघडे किंवा पूर्ण मिटलेले असेल तोवर फारसे तापत नाही. अर्धवट राहिले की तेथेच सारी उष्णता निर्माण होते. दोन लाख हेलकाव्यांच्या यंत्रात हे दार सेकंदाला दोन लाख वेळा उघडावे आणि मिटावे लागते. त्या दाराला स्वतःचीही थोडी वीज साठवण्याची खोड आहे. उघडताना ती भरावी लागते आणि मिटताना काढून घ्यावी लागते. म्हणून ते हलवण्यासाठी वेगळे मंडल असते आणि ते क्षणभर का होईना, घरातील पंख्याला लागतो त्याच्या कित्येक पट प्रवाह देते. ते दुबळे असले तर दार रेंगाळते आणि महागडा ट्रान्झिस्टर डोळ्यांदेखत फुटतो. दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने चालत असतील, तर एक पुरता मिटल्यावाचून दुसरा उघडता कामा नये; नाहीतर वीज वेटोळ्यात न जाता सरळ दोघांतूनच धावते. मुलांनी हे प्रयोग स्वतः करू नयेत. वीज बंद केल्यावरही धारित्रात ती दबा धरून बसते आणि जीव घेऊ शकते.

असे यंत्र नीट साधले, की त्याच्याकडून आणखी एक काम करवून घेता येते. ते क्षणभर चालवायचे आणि क्षणभर थांबवायचे. सेकंदाला २४० वेळा असे केले की ज्वाळाही तितक्याच वेळा हवेत उमटते आणि हवा त्या गतीने थरारते. पेटीच्या सुराला जशी ठरलेली कंपने असतात, तशीच ही कंपने होत. त्यांची संख्या बदलत नेली, की ती जांभळी वीज एकेक स्वर घेत गाऊ लागते.