मगनवाडीचे हिशेबनीस

बँकेतल्या नोकरीतली एक दुपार मला अजून टोचते. शाखेतला संगणक बंद पडला होता आणि जुनी लेजरे आम्ही केव्हाच माळ्यावर टाकली होती. पेन्शन घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना, पैसे खात्यात असूनही, मी उद्या या म्हणून परत पाठवले. यंत्र कोणाच्या हुकमतीत आणि माणूस कोणाच्या, हा प्रश्न वर्ध्यातल्या एका ऑडिटरने कितीतरी आधी हाती घेतला होता, हे मला पुढे कळले.

ते जे. सी. कुमारप्पा. जन्म तंजावरचा, ४ जानेवारी १८९२ चा, ख्रिस्ती घरातला. लंडनला हिशेबतपासणीचे शिक्षण, मुंबईत स्वतःची पेढी, राहणी साहेबी. पुढे अमेरिकेत अर्थशास्त्र शिकताना हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा हिशेब त्यांनी मांडला आणि तो प्रबंध घेऊन १९२९ साली साबरमती गाठली. झाडाखाली सूत कातत बसलेले वृद्ध गृहस्थ म्हणजेच गांधीजी, हे त्यांना आधी ओळखूच आले नाही!

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. जमनालाल बजाजांनी वर्ध्यातली आपली बाग त्यासाठी दिली; मगनलाल गांधींच्या नावाने तिची मगनवाडी झाली आणि कारभार कुमारप्पांकडे आला. तेलघाणी, हातकागद, मधमाशा असे नाना उद्योग तिथे चालत. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मगनदीप, म्हणजे रॉकेलऐवजी गावच्या घाणीच्या तेलावर जळणारा कंदील. रॉकेल सोयीचे खरे, पण बाटलीगणिक पैसा गावाबाहेर जाणार. शिवाय कोळसा, खनिज तेल हा जमिनीतला ठरावीक साठा, आणि झाडे, वाहते पाणी, बैल हे दरवर्षी नव्याने मिळणारे उत्पन्न, असा भेद ते करीत. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, व्याजावर भागवा, मुद्दल खाऊ नका. अवजार कसले, ते दुरुस्त कोण करणार आणि त्यापायी कोणाचा रोजगार बुडणार, हे ते खर्चाच्या बाजूला मांडत. हा खर्च कारखान्याच्या ताळेबंदात कधीच दिसत नाही.

ट्रॅक्टर आणि रासायनिक खते यांना त्यांनी केलेला सरसकट विरोध मात्र मला हट्टाचा वाटतो. माणूस तापटही होता. पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय नियोजन समितीतून ते काही महिन्यांतच बाहेर पडले. १९४२ च्या आंदोलनानंतर जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ लिहिले. स्वातंत्र्यानंतर देश मोठ्या कारखान्यांच्या वाटेने गेला. कुमारप्पा वर्धा जिल्ह्यातल्याच सेलडोहला काही काळ राहिले, मग दक्षिणेत कल्लुपट्टीला गेले. लग्न केले नव्हते, मागे मालमत्ता म्हणावी अशी नव्हती. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, ते वारले.

गांधीजींनी १९३८ साली उद्घाटन केलेले मगन संग्रहालय वर्ध्यात आजही आहे. नातवंडांना घेऊन एखादा तास जाऊन यावे असे ते ठिकाण आहे.