मांडव उठल्यावर : पंडित विष्णु नारायण भातखंडे

शहरात मोठा समारंभ ठरला की मांडव, रोषणाई आणि पाहुण्यांची सरबराई यांवर सढळ हाताने खर्च होतो. चार दिवसांनी मांडव उठतो, आणि शहराच्या पदरी काय पडले याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्याजोगे आहे.

१० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीला, मुंबईत वाळकेश्वर येथे त्यांचा जन्म झाला. १८८५ मध्ये बी. ए. आणि १८८७ मध्ये एल्एल्. बी. होऊन त्यांनी वकिली आरंभिली. पण ओढ गाण्याची. पत्नी आणि मुलगी निवर्तल्यावर त्यांनी संगीतालाच वाहून घेतले. १९०४ मध्ये दक्षिणेत व पुढे उत्तरेत हिंडून त्यांनी जुने ग्रंथ तपासले, घराण्यांतल्या चिजा मिळवून स्वरलिपीत उतरविल्या.

ही विद्या घराण्याघराण्यांत कोंडलेली होती. एकाच रागाची निरनिराळी रूपे गाणाऱ्या गुणीजनांना एका मांडवाखाली बसवायचे, तर राजाश्रय हवा होता. तो सयाजीराव महाराजांनी दिला आणि मार्च १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद आपल्या बडोद्यास भरली. गाण्याबरोबर निबंधवाचन आणि चर्चाही झाल्या. मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सुरू केलेल्या येथील गायनशाळेची घडीही पंडितजींनी त्याच वर्षी नव्याने बसविली. परिषदेचा मांडव केव्हाच उठला. त्या शाळेची परंपरा महाराजा सयाजीराव विद्यापीठात आजही चालू आहे. १९१८ मध्ये माधवराव शिंदे महाराजांच्या साहाय्याने ग्वाल्हेरीस माधव संगीत महाविद्यालय निघाले.

सर्वच परिषदांचे असे चीज झाले नाही. संगीताची अखिल भारतीय अकादमी व्हावी, हा विचार बडोद्यासच निघाला होता. १९१८ मध्ये दिल्लीस आणि १९१९ मध्ये काशीस परिषदा भरल्या. पण अकादमीसाठी पैसा काही उभा राहिला नाही. लखनौस मात्र १९२४ व १९२५ च्या परिषदांमागोमाग राय उमानाथ बली आणि राय राजेश्वर बली यांनी काम तडीस नेले. १९२६ मध्ये तेथे मॅरिस कॉलेज उघडले. पुढे त्याची धुरा श्रीकृष्ण रातंजनकरांनी वाहिली. ते बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर फैयाझखाँकडे शिकलेले. म्हणजे बडोद्याचा पैसा लखनौच्या कामी आला. त्याच कॉलेजाचे आज भातखंडे संस्कृति विश्वविद्यालय झाले आहे.

पंडितजींची दहा थाटांची मांडणी सर्वांनाच पटली असे नाही. कागदावरच्या स्वरांत गाणे मावत नाही, हा आक्षेप खराच आहे. तरीही ज्याला घराण्याचा उंबरठा ओलांडता येत नव्हता, त्या सामान्य घरातल्या मुलामुलींना त्यांच्या क्रमिक पुस्तकांनी वाट दाखविली. वर्गात शिकविणाऱ्या आम्हां मंडळींना याचा प्रत्यय रोज येतो.

१९३३ मध्ये त्यांना पक्षाघात झाला आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीला, ते निवर्तले.

आजही शहरोशहरी संगीतमहोत्सव भरतात; ते भरावेत. मात्र रोषणाईच्या खर्चातला थोडा वाटा एखाद्या गायनशाळेच्या तंबोऱ्यांसाठी, एखाद्या गरजू विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीसाठी आधीच बाजूला काढून ठेवावा. पंडितजींचे नाव घेणाऱ्या शहराने एवढे तरी करावे.